दारू आणि फुफ्फुस : चंद्रपूर-गडचिरोलीतल्या एका दुर्लक्षित प्रश्नाचा आढावा

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत दारूवर जेवढं बोललं गेलं, तेवढं महाराष्ट्रात इतरत्र क्वचितच बोललं गेलं असेल. मोर्चे निघाले, समित्या बसल्या, बंदी आली. एका जिल्ह्यात ती उठली, दुसऱ्यात टिकली. या सगळ्या चर्चेत मोडलेल्या संसारांचा विषय असतो, मारहाणीचा असतो, अपघातांचा आणि बुडालेल्या महसुलाचा असतो. आजारांवर गाडी आली की लिव्हरचं नाव निघतं. फुफ्फुसाचं नाव कुणी घेत नाही. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाला जिवाणूंमुळे होणारा न्यूमोनिया इतरांपेक्षा सहज गाठतो आणि गाठला की लवकर विकोपाला जातो. लिव्हर निकामी व्हायला वर्षं लागतात. हा आजार धडधाकट दिसणाऱ्या माणसाला आठवडाभरात नेऊ शकतो.

इथल्या फुफ्फुसांवर दारूखेरीज आणखीही भार आहे. ऊर्जानगर ही चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची वसाहत. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या या केंद्राची क्षमता आज २९२० मेगावॅट आहे. शेजारी दुर्गापूर, पद्मापूरच्या कोळसा खाणी, पलीकडे ताडोबाचं जंगल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह अतिप्रदूषित यादीत अगदी वर होतं. राख, कोळशाची धूळ, वेल्डिंगचा धूर, विडी आणि संध्याकाळचा पव्वा हे सगळं एकाच छातीत जमा होतं. त्या छातीत न्यूमोनिया झाला तर दोष कुणाचा, हा या लेखातला पहिला अवघड प्रश्न. त्यापुढचे प्रश्न उपचारांचे, लशीचे आणि धोरणाचे आहेत.

जुनी ओळख

दारू आणि न्यूमोनिया यांचं नातं वैद्यकाला नवं नाही. अमेरिकेतले डॉक्टर बेंजामिन रश यांनी १७८५ च्या सुमारास कडक दारूच्या परिणामांवर लिहिताना न्यूमोनियाचा उल्लेख केला होता. पुढे विल्यम ऑस्लर यांच्या वैद्यकाच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकात मद्यपान हे न्यूमोनियाला आमंत्रण देणारं बहुधा सर्वांत प्रभावी कारण मानलं गेलं. १८८२ मध्ये कार्ल फ्रीडलेंडर यांनी न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुफ्फुसांत एक जिवाणू पाहिला. आज आपण त्याला क्लेब्सिएला म्हणतो. दारू पिणाऱ्याच्या न्यूमोनियाशी त्याचं नाव तेव्हापासून जोडलं गेलं ते आजतागायत. फुफ्फुसाचा वरचा भाग फुगलेला एक्स-रे, विटकरी रंगाचा, रक्तमिश्रित, तारा सुटणारा चिकट बेडका आणि झपाट्याने ढासळणारी तब्येत, हे वर्णन वैद्यकाचे विद्यार्थी आजही पाठ करतात.

जुन्या निरीक्षणांना आकड्यांचा आधार अलीकडे मिळाला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात रोज २४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल घेणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका न पिणाऱ्यांच्या १.१२ पट, ६० ग्रॅमला १.३३ पट आणि १२० ग्रॅमला १.७६ पट आढळला. ज्यांना व्यसन जडल्याचं वैद्यकीय निदान झालं आहे, त्यांच्यात तो आठ पटींच्या घरात होता. हे ग्रॅम आपल्या भाषेत आणायचे तर ४२.८ टक्के अल्कोहोल असलेल्या देशीच्या १८० मिलीच्या एका पव्व्यात सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. म्हणजे रोज एक पव्वा घेणारा दुसऱ्या पायरीवर आणि दोन घेणारा तिसऱ्या पायरीवर बसतो. मोहाच्या दारूला असं माप लावता येत नाही. तिचा कडकपणा भट्टीगणिक आणि धारेगणिक बदलतो. २०१८ च्या आणखी एका विश्लेषणात १४ अभ्यास एकत्र केले गेले. त्यात जास्त पिणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका ८३ टक्क्यांनी वाढलेला दिसला.

छातीत नेमकं काय बिघडतं

पहिली गोष्ट अगदी उघड आहे. नशेत माणूस उताणा पडतो, ओकारी होते, ठसका लागत नाही. ठसका हा फुफ्फुसाचा पहारेकरी. तो झोपला की तोंडातली लाळ, अन्न आणि त्यातले जंतू थेट श्वासनलिकेत उतरतात. दात किडलेले, हिरड्या सुजलेल्या असतील तर उतरणारा ऐवज आणखी घातक. अशा माणसाला फुफ्फुसात गळू होतं किंवा छातीत पू साचतो, ते बहुतेक वेळा याच वाटेने.

आतली यंत्रणाही सावकाश मोडत जाते. श्वासनलिकेच्या आतल्या बारीक केसांची हालचाल मंदावते. फुफ्फुसाच्या वायुकोशांत जंतू गिळणाऱ्या पेशी असतात; अल्कोहोलमुळे त्यांच्यातला जस्ताचा आणि ग्लुटाथायोनचा साठा घटतो आणि त्यांची जंतू गिळण्याची ताकद कमी होते. संसर्गाच्या ठिकाणी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी उशिरा पोचतात, काही रुग्णांत तर अस्थिमज्जा त्या पुरेशा बनवतच नाही. न्यूमोनिया असून पांढऱ्या पेशी वाढण्याऐवजी कमी आल्या, तर रिपोर्ट नॉर्मलच्या जवळ आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. पिणाऱ्या रुग्णात ती धोक्याची खूण असते.

आजार गंभीर झाल्यावर पुढे काय होतं, यावरचा १९९६ चा एक अमेरिकी अभ्यास महत्त्वाचा आहे. अतिदक्षता विभागातल्या ३५१ रुग्णांपैकी मद्यासक्त असलेल्यांत ४३ टक्क्यांना फुफ्फुसांत पाणी भरून श्वसन कोलमडण्याची अवस्था आली. इतरांत हे प्रमाण २२ टक्के होतं. म्हणजे फुफ्फुस कोसळण्याची शक्यता जवळपास दुप्पट. दारू स्वतःच फुफ्फुसाला दुबळं करते, या मताला यातून मोठं बळ मिळालं.

दारू की दारूच्या सोबतीला असलेलं सगळं?

इथे मतभेद सुरू होतात. एका बाजूचे संशोधक म्हणतात, मात्रा वाढली की धोका वाढतो, प्राण्यांवरच्या प्रयोगांतही तेच दिसतं आणि पेशींच्या पातळीवर कारणही सापडलं आहे. तेव्हा दारू हे स्वतंत्र कारण मानायला हरकत नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की रोज पिणारा माणूस बहुधा विडी ओढतो, खर्रा खातो, कमी जेवतो, कुडाच्या किंवा पत्र्याच्या खोलीत राहतो आणि डॉक्टरकडे उशिरा जातो. हे सगळं वजा केल्यावर दारूच्या वाट्याला किती उरतं? २००६ मध्ये स्पेनमधल्या एका अभ्यासात पिणाऱ्यांचा न्यूमोनिया जास्त गंभीर निघाला, पण दारूमुळे मृत्यूचं प्रमाण वेगळं वाढलेलं आढळलं नाही. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून २०१९ मध्ये १ लाख ३७ हजारांहून अधिक न्यूमोनिया रुग्णांचा अभ्यास झाला. तिथेही इतर आजार हिशेबात धरल्यावर मृत्यूतला फरक उरला नाही. मात्र पिणाऱ्यांना अतिदक्षता विभाग जास्त लागला, ते जास्त दिवस दाखल राहिले, आणि दारू अचानक सुटल्याचा त्रास ज्यांना झाला त्यांची अवस्था सर्वांत बिकट झाली.

हे अभ्यास ज्या रुग्णालयांत झाले तिथे ऑक्सिजन, व्हेंटिलेटर, रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) सगळं हाताशी होतं. गडचिरोलीतल्या भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की रस्ताच बंद होतो. "मृत्यूत फरक नाही" हा निष्कर्ष तिथे लागू पडेल असं मानणं मला धाडसाचं वाटतं.

आपल्याकडे या गुंत्यात आणखी काही धागे मिसळतात. गडचिरोली हा महाराष्ट्रात मलेरियाचा मोठा भार असलेला जिल्हा. थंडी वाजून ताप आला की पहिला संशय मलेरियाचा, आणि तो रास्तच असतो. पण मलेरियाची गोळी घेऊन घरी पडून राहण्यात न्यूमोनियाचे दोन मोलाचे दिवस निघून जातात. दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेल आहे. या आजारात प्लीहा काम करेनाशी होते आणि न्यूमोकोकस या जिवाणूला रान मोकळं मिळतं. क्षयरोग आहेच. रोज ४० ग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल घेणाऱ्यांत क्षयाचा धोका जवळपास तिप्पट असतो, म्हणजे पिणाऱ्याच्या खोकल्यामागे क्षय आणि न्यूमोनिया यांपैकी कुठलाही एक किंवा दोन्ही असू शकतात.

ऊर्जानगरच्या बाबतीत धुळीचा आणि धुराचा हिशेब आणखी स्पष्ट आहे. वेल्डिंगच्या धुरातले धातूचे कण श्वासमार्गाच्या पेशींवर न्यूमोकोकस चिकटायला मदत करतात, असं प्रयोगांतून दिसलं आहे. ब्रिटनमध्ये याच कारणाने वेल्डरना न्यूमोकोकसची लस देण्याचा विचार करावा, अशी सरकारी शिफारस आहे. बॉयलरच्या दुरुस्तीला येणारा कंत्राटी वेल्डर दिवसभर तो धूर घेतो आणि रात्री पीत असेल, तर दोन्ही धोके एकाच माणसात भेटतात. त्याच्या दवाखान्याच्या कागदावर यापैकी काय लिहिलं जातं?

कोणता जंतू, कोणतं औषध

क्लेब्सिएलाची ख्याती इतकी पसरली की पिणाऱ्याचा न्यूमोनिया म्हणजे क्लेब्सिएला, असं समीकरणच झालं. पुरावा तितका सरळ नाही. युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक अभ्यासांत पिणाऱ्यांमध्येही पहिला क्रमांक न्यूमोकोकसचाच येतो. २०१९ च्या त्या मोठ्या अभ्यासात तर नेहमीच्या औषधांना दाद न देणारे जंतू पिणाऱ्यांत उलट कमी आढळले. तैवान आणि दक्षिण आफ्रिका इथे मात्र घरीच झालेल्या न्यूमोनियात क्लेब्सिएला ठळकपणे दिसला, त्यातले बरेच रुग्ण पिणारे होते आणि मृत्यूचं प्रमाण फार मोठं होतं.

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विनचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं आहे. हवा उष्ण, पावसाळा मोठा, दुर्गम भागात आदिवासी वस्ती. इतरत्र मुख्यतः रुग्णालयात होणारा, ॲसिनेटोबॅक्टर या जिवाणूचा न्यूमोनिया तिथे घरी असलेल्या लोकांना, बहुतांशी जास्त पिणाऱ्यांना आणि बहुतांशी पावसाळ्यात होतो, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं. अशा जोखमीच्या गटातल्या लोकांचे घसे तपासले तेव्हा सुमारे दहा टक्क्यांच्या घशात तो जंतू आधीच ठाण मांडून बसलेला सापडला. पावसाळ्यात येणाऱ्या गंभीर रुग्णांना पहिल्या तासापासून त्या जंतूवर चालणारं औषध द्यायचं ठरलं आणि मृत्यू कमी झाले. तिथल्या डॉक्टरांनी आपल्याच भागातले जंतू वर्षानुवर्षं मोजल्यामुळे हा निर्णय घेता आला.

त्याच डार्विनमध्ये १९८९ पासून मेलिऑयडोसिसच्या रुग्णांची सलग नोंद ठेवली जाते. ओल्या मातीत राहणाऱ्या जिवाणूचा हा आजार. मधुमेह आणि अतिमद्यपान ही त्याची मोठी जोखीम. भारतात तो मुख्यतः पश्चिम किनारपट्टी, तामिळनाडू आणि ओडिशातून नोंदला जातो आणि बऱ्याचदा क्षय समजून उपचार होतात. चंद्रपूर-गडचिरोलीचा मोठा पट्टा धानाचा आहे, रोवणीला माणसं दिवस दिवस चिखलात उभी असतात. न्यूमोनियासाठी सर्रास दिलं जाणारं सेफ्ट्रिॲक्झोन या जंतूवर पुरेसं पडत नाही. जिथे कल्चर होत नाही तिथे हा आजार सापडणारही नाही, म्हणून पूर्व विदर्भात तो शोधला जाणं गरजेचं आहे.

औषध निवडताना डॉक्टरांपुढे दोन वाटा असतात. एक म्हणते, पिणाऱ्याला थांबायला वेळ नाही, पहिल्यापासून मोठ्या पल्ल्याचं औषध द्या. दुसरी म्हणते, सगळ्यांनाच कार्बापेनेमसारखं मोठ्या पल्ल्याचं औषध दिलं तर उद्या ते कुणालाच लागू पडणार नाही. आधी नेहमीचं दुहेरी औषध द्या, बेडका आणि रक्त तपासायला पाठवा आणि अहवालानुसार बदला. २०१९ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी आणखी एक जुनी सवय मोडली : अन्न-लाळ फुफ्फुसात गेल्याचा नुसता संशय आहे म्हणून हवेविना वाढणाऱ्या जंतूंसाठी वेगळं औषध देण्याची गरज नाही, गळू किंवा पू असेल तरच द्यावं. दोन्ही वाटांना आपापलं तर्कशास्त्र आहे. पण दुसरी वाट कल्चरवर उभी आहे, आणि ज्या ग्रामीण रुग्णालयात कल्चरची सोय नाही तिथे ती कागदावरच राहते.

स्टेरॉइडचा वाद अगदी ताजा आहे. २०२३ मध्ये फ्रान्समधल्या चाचणीत गंभीर न्यूमोनियाच्या रुग्णांना हायड्रोकॉर्टिसोन दिल्यावर २८ दिवसांतले मृत्यू ११.९ टक्क्यांवरून ६.२ टक्क्यांवर आले. हा फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण ज्या भागात त्या खोकल्यामागे क्षय लपलेला असू शकतो, तिथे हेच औषध क्षयाला मोकळं रान देऊ शकतं. क्विनोलोन गटातल्या औषधांचंही तेच. ती क्षयाला अर्धवट दाबतात आणि निदान लांबणीवर पडतं. म्हणून क्षयाची तपासणी आणि स्टेरॉइडचा निर्णय इथे एकत्रच व्हायला हवेत.

तिसरा दिवस

या आजाराची खरी परीक्षा अनेकदा दाखल झाल्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी होते. माणूस ताप आणि धाप घेऊन येतो. सलाईन, ऑक्सिजन, अँटिबायोटिक सुरू होतं, ताप उतरू लागतो. दारू मात्र आल्या दिवसापासून बंद असते. दोन ते चार दिवसांच्या आत हात थरथरू लागतात, घाम सुटतो, भिंतीवर किडे दिसतात, तो ऑक्सिजनचा मास्क ओढून काढतो, पलंगावरून उठून "ड्यूटीला जायचं आहे" म्हणत दाराकडे निघतो. घरच्यांना वाटतं ताप डोक्यात गेला. कुणाला वाटतं बाहेरचं काही झालं आणि पुजाऱ्याकडे न्यायची भाषा सुरू होते. वॉर्डात त्याचे हात पलंगाला बांधले जातात.

वैद्यकीय पेच असा, की हा गोंधळ दारू सुटल्यामुळे असू शकतो, ऑक्सिजन कमी पडल्यामुळे असू शकतो किंवा जंतुसंसर्ग रक्तात पसरल्यामुळेही असू शकतो. तिन्ही एकत्रही असतात. दारू सुटल्याच्या त्रासावर दिली जाणारी शामक औषधं वेळेवर दिली तर जीव वाचवतात. जास्त झाली तर श्वास मंदावतो, ठसका दबतो आणि न्यूमोनिया वाढतो. किती द्यायची, कशा पद्धतीने द्यायची, यावर एकमत नाही. जीवनसत्त्व ब-१ च्या बाबतीत मात्र वाद फारसा नाही : ग्लुकोजच्या सलाईनआधी किंवा त्याच्यासोबत थायमिनचं इंजेक्शन दिलं गेलं पाहिजे, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. स्वस्त औषध आहे. विसरलं जातं ते "हा पितो" हे कागदावर नसल्यामुळे.

बंदी, परवाना, उपचार

कागदावर ते का नसतं, याचं उत्तर आपल्याला धोरणाच्या वादात घेऊन जातं.

गडचिरोलीत १९८७ च्या सुमारास सुरू झालेल्या लोकांच्या आंदोलनानंतर १९९३ मध्ये जिल्हा दारूबंदी आली. चंद्रपुरात श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकाराने महिलांनी डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनावर पायी मोर्चा नेला. १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली. मे २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती उठवली. रमानाथ झा समितीच्या अहवालाचा आधार घेऊन अवैध आणि बनावट दारू, तस्करीत ओढली गेलेली बायका-मुलं आणि वाढलेली गुन्हेगारी ही कारणं दिली गेली.

बंदीच्या बाजूने डॉ. अभय बंग आणि गडचिरोलीत काम करणाऱ्या त्यांच्या सर्च संस्थेची मांडणी अशी, की एकटी कायद्याची बंदी पुरत नाही. गावाची संघटना, अंमलबजावणी आणि व्यसनमुक्तीचे उपचार यांची जोड लागते. २०१६ पासून शासन, टाटा ट्रस्ट आणि सर्च यांनी गडचिरोलीत चालवलेलं मुक्तिपथ अभियान याच विचारावर उभं आहे. बंदी उठवण्याची चर्चा झाली तेव्हा जिल्ह्यातल्या शेकडो गावांनी ती राहावी असे ठराव केले. विरोधी बाजू राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीकडे बोट दाखवते : २०१९-२१ च्या फेरीत गडचिरोलीत दारू पिणाऱ्या पुरुषांचं प्रमाण सुमारे एक तृतीयांश, तर महाराष्ट्राचं १३.९ टक्के. मग बंदीने काय साधलं? त्यावर समर्थकांचं उत्तर असं, की मोहाची दारू जिथे पूजेपासून लग्नापर्यंत प्रत्येक प्रसंगी लागते, तिथली तुलना राज्याच्या सरासरीशी करू नये. बंदी नसती तर आकडा कुठे असता, हे विचारावं. आणि कधीतरी पिणारा व रोज पिणारा यांतला फरक त्या एका आकड्यात दिसत नाही. फुफ्फुसाच्या दृष्टीने तोच फरक सर्वांत मोलाचा आहे.

पुरवठा आवळल्याने श्वसनाचे मृत्यू घटतात का? याचा सर्वांत मोठा दाखला सोव्हिएत रशियाचा आहे. १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी मद्यविरोधी मोहीम उघडली तेव्हा मृत्युदर झपाट्याने खाली आला, मोहीम ढिली पडल्यावर आणि देश फुटल्यावर तो पुन्हा चढला. या चढउतारात अपघात आणि विषबाधेसोबत श्वसनाचे आजारही होते. कर्करोगाचे मृत्यू मात्र जवळपास स्थिर राहिले. पण त्या काळात तिथे दारूसोबत सगळंच बदलत होतं, त्यामुळे तो दाखला जसाच्या तसा इथे लावता येत नाही. चंद्रपूर हे त्या मानाने फार स्वच्छ उदाहरण ठरू शकतं : शेजारी शेजारी दोन जिल्हे, एकात सलग बंदी, दुसऱ्यात सहा वर्षांची बंदी आणि मग खुली विक्री. दाखल रुग्णांच्या कागदांवर न्यूमोनिया आणि मद्यपान या दोन्ही नोंदी नीट असत्या तर उत्तर हाती असतं. त्या नसण्यात बंदीचाही वाटा आहे. जिथे पिणं गुन्हा आहे तिथे माणूस डॉक्टरला "कधीमधी" एवढंच सांगतो, आणि बायको मान खाली घालून गप्प बसते.

तिसरी भूमिका उपचारांची आहे. केंद्र सरकारसाठी एम्सच्या व्यसनमुक्ती केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दारूच्या व्यसनात अडकलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठला ना कुठला उपचार मिळतो. न्यूमोनियातून वाचलेला माणूस रुग्णालयातून घरी जातो, तेव्हा त्याने आठ-दहा दिवस दारूला हात लावलेला नसतो आणि मरणाची भीती ताजी असते. व्यसनमुक्तीचं बोलणं काढायला याहून चांगली वेळ नाही, आणि बहुतेक ठिकाणी ती हातची जाते. बंदीच्या वादात कुठल्याही बाजूला असलेल्या माणसाला यावर सहमत व्हायला अडचण नसावी.

लस

अमेरिकेत १९ ते ४९ वयोगटातल्या मद्यासक्त प्रौढांना न्यूमोकोकसची लस द्यावी, अशी अधिकृत शिफारस आहे. भारतात ही लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ मध्ये देशभर बालकांच्या लसीकरणात आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची दहा प्रकारांवरची लस डिसेंबर २०२० मध्ये बाजारात आली. प्रौढांसाठी सार्वजनिक कार्यक्रम नाही. काही तज्ज्ञांच्या मते मुलांना लस मिळाली की घरातल्या मोठ्यांनाही अप्रत्यक्ष संरक्षण मिळतं, त्यामुळे वेगळा खर्च नको. इतरांचं म्हणणं असं की दारूमुळे ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे त्यांना सावलीतलं संरक्षण पुरणार नाही. वेल्डर, खाण कामगार, सिकलसेलचे रुग्ण आणि व्यसनमुक्तीला आलेले लोक यांच्यापासून सुरुवात करावी. लस क्लेब्सिएलाला अडवत नाही, हेही खरं. इथे कोणते जंतू किती, हे कळल्याखेरीज हा वाद सुटणार नाही. तोवर वीज केंद्राने आणि खाणींनी आपल्या वेल्डरांपुरता निर्णय घ्यायला कुणाची आडकाठी नाही.

याच मातीत सापडलेलं उत्तर

न्यूमोनिया गावात ओळखता येतो आणि गावातच त्यावर उपचार होऊ शकतात, हे जगाला पटवून देणाऱ्या पहिल्या प्रयोगांपैकी एक गडचिरोलीचा आहे. सर्चने ५८ गावांत बालकांच्या न्यूमोनियावर काम केलं आणि ४४ गावांशी तुलना केली. १९९० मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये आलं. प्रशिक्षित आरोग्यदूत आणि दायांनी उपचार केलेल्या मुलांत न्यूमोनियाने दगावण्याचं प्रमाण ०.८ टक्के होतं, तुलनेच्या गावांत १३.५ टक्के. लिहिता-वाचता न येणाऱ्या दायांसाठी श्वास मोजायचं साधं यंत्र बनवलं होतं : एका मिनिटाची वाळूची घडी आणि सरकवायचे मणी. दर दहा श्वासांना एक मणी पुढे. मिनिटभरात ठरावीक मणी ओलांडले की औषध सुरू.

त्याच जिल्ह्यात, त्याच काळात, त्याच संस्थेच्या पुढाकाराने दारूचं आंदोलनही चाललं. बालकांचा न्यूमोनिया एका वहीत, प्रौढांची दारू दुसऱ्या वहीत. प्रौढ पिणाऱ्याच्या छातीत हे दोन विषय एकत्र येतात, पण आरोग्यव्यवस्थेच्या कामात ते अजून एकत्र आलेले नाहीत. प्रौढांचे निकष गुंतागुंतीचे आहेत, गोळी देऊन घरी ठेवण्याइतके ते सोपे नाहीत, हे मान्य. तरी आशा कार्यकर्तीला ताप, धाप आणि दारू या तीन खुणा एकत्र पाहायला शिकवणं, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या रुग्णालयांतून गंभीर न्यूमोनियाच्या प्रत्येक रुग्णाचा बेडका व रक्त वर्षभर तपासणं आणि केस पेपरवर मद्यपानाचा रकाना पोलिसांच्या भीतीविना भरला जाईल अशी लेखी हमी देणं, ही तिन्ही कामं आजच्या यंत्रणेत बसणारी आहेत.

वाचकांच्या घरात, शेजारी किंवा कामावर रोज पिणारं कुणी असेल तर एवढं करा. ताप-खोकल्यासोबत त्याला धाप लागली, छातीत कळ येऊ लागली, तो बरळू लागला किंवा मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला तीसवर गेला, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. आणि दवाखान्यात पोचल्यावर तो रोज किती पितो आणि शेवटचं कधी प्यायला, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा.